तोतया प्रथिनाला जागा द्या

माझ्या दुकानातल्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात इन्शुलिन असतं, मधल्या कप्प्यात धनुर्वाताची आणि कुत्रं चावल्यावरची लस, आणि खाली एटानरसेप्टचे दोन-तीन डबे. वरच्या दोन्हींना मिरजेत रोज गिऱ्हाईक आहे. खालच्या डब्याचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. नाव, गाव, शेवटचं इंजेक्शन कधी नेलं, सगळं मला पाठ असतं. त्यातलं एखादं नाव मधेच यायचं थांबलं की पेशंट बरा झाला असं मी समजत नाही. पैसे संपले असं समजते, आणि बहुतेक वेळा तेच खरं निघतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आमवातावरचं हे इंजेक्शन राज्य सरकारने घाऊक विकत घेऊन जिल्हा रुग्णालयात ठेवावं. पण ते सरसकट वाटू नये. या वाक्याचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो औषध विकणारीने सांगितलेला बरा.

काउंटरवर या डब्याबद्दल पहिला प्रश्न येतो, "ताई, हे स्टेरॉइडच ना?" आणि दुसरा, "हे मांसाहारी आहे का?" स्टेरॉइड नाही, हे लगेच सांगता येतं. दुसऱ्या प्रश्नाला मला जरा वेळ लागतो. हे प्रथिन चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजकोशातल्या पेशींकडून तयार करून घेतात. त्या पेशी कित्येक दशकं प्रयोगशाळेतच वाढत आल्या आहेत, डब्यागणिक कुठला प्राणी मारावा लागत नाही. एका आजींना एवढं सगळं समजावलं तर म्हणाल्या, "मग चालंल. पण सोमवारी नको."

डब्यात आहे काय? आपल्या शरीरात कुठे जंतू शिरला की प्रतिकारशक्तीच्या पेशी वर्दी द्यायला टीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात. ते दुसऱ्या पेशीच्या अंगावरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटलं की सूज, ताप, ठणका सुरू होतो. जंतू आला असेल तर हे हवंच. आमवातात मात्र जंतू नसतानाही सांध्यात टीएनएफ पाझरत राहतो, सांध्याचं अस्तर जाड होतं आणि ते हळूहळू कूर्चा नि हाड खाऊ लागतं. (कोविडनंतर "इम्युनिटी वाढवायचं काहीतरी द्या" म्हणणाऱ्यांत आमवाताचे पेशंटही असतात. त्यांना काय सांगावं ते मला कळत नाही. ज्याची फौज स्वतःच्याच घरावर चालून आली आहे तो आणखी शिपाई मागतोय.)

आता मजेचा भाग. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जिनिव्हात डायेर नावाच्या संशोधकाच्या गटाला तापाच्या रुग्णांच्या लघवीत टीएनएफला निकामी करणारं काहीतरी सापडलं. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत डेव्हिड वालाख यांच्या गटाने तसंच प्रथिन माणसाच्या लघवीतूनच शुद्ध करून काढलं. ते निघालं पेशीच्या अंगावरच्या रिसेप्टरचाच बाहेरचा तुकडा. पेशीवरचं एक एन्झाइम तो कात्रीने कापावा तसा कापतं आणि रक्तात सोडून देतं. म्हणजे शरीर आग लावतं आणि ती आवरायची व्यवस्थाही स्वतःच करून ठेवतं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि चांगली जाणती माणसंही त्याच्यामागे गेली. टीएनएफचं तेच होतं. रक्तात तरंगणाऱ्या या तोतया रिसेप्टरलाच तो खरा समजून मिठी मारतो आणि पेशीपर्यंत पोचतच नाही.

शरीरातला हा तोतया फार टिकत नाही, मूत्रपिंडातून वाहून जातो. म्हणून तर तो लघवीत सापडला. अमेरिकेत डॅलसला ब्रूस बॉयटलर आणि इतर काही संशोधकांनी युक्ती केली ती रिसेप्टरला अँटिबॉडीचं शेपूट जोडायची. सिॲटलच्या इम्युनेक्स कंपनीने असे दोन रिसेप्टर एका शेपटावर बसवलेलं औषध, म्हणजेच एटानरसेप्ट, १९९८च्या नोव्हेंबरात बाजारात आणायची परवानगी मिळवली. या शेपटामुळे औषध रक्तात निम्मं व्हायला चारेक दिवस लागतात, म्हणून आठवड्याला ५० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन पुरतं. बॉयटलर यांना पुढे २०११ साली नोबेल मिळालं, पण ते वेगळ्या कामासाठी. टीएनएफ अडवला तर आमवात आवरतो, हे त्याआधी लंडनला मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी दाखवलं होतं. त्यांनी १९९२ मध्ये रुग्णांना दिली ती मात्र अँटिबॉडी होती, तोतया नव्हे.

इथवर ऐकलं की कोणालाही वाटेल, शरीराचीच वस्तू आहे, मग दिली सगळ्यांना तर बिघडलं कुठे? बिघडतं, आणि त्याचे दाखले या औषधाच्या स्वतःच्या इतिहासात आहेत. रक्तात जंतू पसरून जीव धोक्यात आलेल्या रुग्णांना, म्हणजे सेप्सिसमध्ये, हाच तोतया रिसेप्टर देऊन पाहिला. टीएनएफच तर सगळा गोंधळ घालतो, मग त्याला अडवू, असा हिशेब. १९९६ मध्ये निकाल आला. नुसतं पाणी टोचलेल्यांत ३० टक्के रुग्ण दगावले आणि सर्वांत मोठा डोस दिलेल्यांत ५३ टक्के. जंतूशी लढाई चालू असताना फौजेचा कर्णाच काढून घेतला होता. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये लेनरसेप्ट नावाचा याचाच एक भाऊ वापरला, तर आजाराचे झटके कमी व्हायच्या ऐवजी वाढले. आतड्यांच्या क्रोन्स आजारात एटानरसेप्टचा उपयोगच झाला नाही. म्हणजे एकाच टीएनएफला अडवायचं, पण कुठे अडवलं तर फायदा आणि कुठे अडवलं तर घात, हे आधी तर्काने सांगता आलेलं नाही. करून पाहावं लागलं.

आपल्याकडे सगळ्यात मोठी भीती क्षयाची. आपल्यापैकी पुष्कळांच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू झोपलेले असतात. प्रतिकारशक्तीच्या पेशी त्यांच्याभोवती गोल भिंत बांधून बसतात आणि ती भिंत टिकते ती टीएनएफच्या जोरावर. टीएनएफ काढला की भिंत खचते. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब या अँटिबॉडीनंतर क्षय उसळलेले ७० रुग्ण एकाच अहवालात नोंदले गेले, तेव्हा जग जागं झालं. तोतया रिसेप्टरमध्ये हा धोका अँटिबॉड्यांपेक्षा कमी आहे, पण नाही असं नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. म्हणून छातीचा एक्स-रे आणि मँटू किंवा रक्ताची इग्रा तपासणी केल्याशिवाय हे इंजेक्शन सुरू करू नये. चिठ्ठीवर इंजेक्शन लिहिलंय आणि पेशंटला एक्स-रे काढल्याचं आठवतच नाही, असं झालं की मी डबा देत नाही, आधी डॉक्टरांना फोन लावते. गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे.

सरसकट वाटू नये म्हणण्याचं दुसरं कारण स्वस्तातल्या गोळ्यांत आहे. आमवातावरच्या मेथोट्रेक्सेट गोळीची पट्टी अजूनही सामान्य माणसाला परवडते. त्या औषधाची मुळं ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत आहेत, तिथलं संशोधन आपल्या आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बारावांच्या हाताखाली चाललं होतं. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या एका चाचणीचा निकाल आला. मेथोट्रेक्सेट पुरेसं पडत नाही असे ३५३ रुग्ण घेतले. निम्म्यांना मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अशा तीन गोळ्या, उरलेल्यांना मेथोट्रेक्सेट आणि एटानरसेप्ट. २४ आठवड्यांनी ज्यांना फरक नाही त्यांना इकडून तिकडे नि तिकडून इकडे हलवलं. असे रुग्ण दोन्ही गटांत साधारण २७ टक्के निघाले. वर्षाच्या सुमाराला पाहिलं तर दोन्ही गट सारखेच सुधारलेले. तीन जुन्या गोळ्या महागड्या इंजेक्शनच्या तोडीस तोड उतरल्या.

ही चाचणी आपल्याकडच्या प्रत्येक एमबीबीएस डॉक्टरच्या टेबलावर लावून ठेवावी असं मला वाटतं. कारण होतं काय, की गोळ्या नीट दिल्याच जात नाहीत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. मी प्रत्येक पट्टीवर जाड मार्करने "फक्त रविवार" लिहिते आणि फॉलिक ॲसिडच्या पट्टीवर "रविवार सोडून". अथणीकडच्या पेशंटसाठी शेजारच्या दुकानातल्या मुलाकडून कन्नडमध्येही लिहून घेते. तरीही कोणीतरी सांगतं की ही गोळी कॅन्सरची आहे, लिव्हर जातं, आणि पेशंट ती सोडून गावातल्या वैदूची पुडी सुरू करतो. पुडीने दोन दिवसांत पळायला लागतो. तिसऱ्या महिन्यात चेहरा गोल, पोट सुटलेलं, साखर वाढलेली. पुडीत स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं, हे सांगायला तपासणीचीही गरज नसते. आणि असा माणूस मग म्हणतो, "गोळ्यांनी काय झालं नाही, आता इंजेक्शनच करा." त्याला गोळ्या मिळालेल्याच नसतात.

पण त्या चाचणीतही ज्यांना नुसत्या गोळ्या पुरल्या नाहीत ते चौथा हिस्सा होते. ते खरे आहेत, आणि ते माझ्या काउंटरवर येतात. तासगावकडची एक बाई द्राक्षबागेत विरळणीला जायची. घडातले मणी बारीक कात्रीने वेचून काढायचं काम, हात सतत डोक्याच्या वर. सकाळी दहापर्यंत बोटं वळायचीच नाहीत, कात्रीच्या कड्यांत अंगठा जायचा नाही. तिन्ही गोळ्या पूर्ण डोसमध्ये, वेळच्या वेळी, रक्ततपासण्यांसकट घेतलेल्या. तिला डॉक्टरांनी हे इंजेक्शन लिहून दिलं. महिन्याभराने आली ती सुट्टे पैसे स्वतः मोजून देत. आधी पाकीट माझ्यापुढे उघडून ठेवायची, "तुम्हीच घ्या ताई" म्हणत. पुढे इंजेक्शन आठवड्याचं पंधरवड्याला गेलं, मग महिन्याला, मग बंद. नवऱ्याने विचारलं होतं, "अर्धं अर्धं केलं तर चालतंय का?" मी नाही म्हणाले.

त्याचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, हे नंतर मला जास्तच जाणवलं. आजार काबूत आल्यावर डोस निम्मा करण्यावर २०१३ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली आहे. मेथोट्रेक्सेटबरोबर ५० मिलिग्रॅम चालू ठेवलेल्यांत ८३ टक्के लोकांचा आजार वर्षभर काबूत राहिला, २५वर आणलेल्यांत ७९ टक्के, आणि इंजेक्शन बंद केलेल्यांत फक्त ४३. म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीत निम्मा डोस पुष्कळांना पुरतो, पण बंद केलं की निम्म्याहून जास्त लोकांचा आजार परत उठतो. सरकारने पैशाचा हिशेब मांडताना हे तीन आकडे पुढे ठेवावेत.

पैशाचं म्हणाल तर या औषधाची गोष्ट आपल्याला अभिमान वाटावा अशीही आहे आणि चीड यावी अशीही. अमेरिकेत सँडोझच्या स्वस्त नकलेला, म्हणजे बायोसिमिलरला, २०१६ मध्येच सरकारी मान्यता मिळाली. पण पेटंटच्या भांडणात मूळ कंपनी जिंकली आणि २०२९पर्यंत ती नक्कल तिथल्या दुकानात येऊ शकत नाही. १९९०च्या दशकातल्या अर्जांवर २०११ आणि २०१२ मध्ये पेटंटं मंजूर झाली आणि जुन्या कायद्याप्रमाणे मुदत मंजुरीपासून मोजली गेली, असा तो किस्सा. आपल्याकडे सिप्लाने २०१३ मध्ये आणि इंटासने २०१५ मध्ये आपापलं एटानरसेप्ट आणलं. जे अमेरिकेतल्या पेशंटला मिळत नाही ते माझ्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आहे.

आता चीड. डब्यावरची छापील किंमत आणि दुकानदाराला पडणारा भाव यांत किती अंतर असतं, हे या धंद्यातल्या कोणालाही विचारा. शिवाय कंपन्यांच्या योजना: इतके डबे घ्या, इतके फुकट. अशी खिरापत वाटून कंपनीचं भागतं, याचा अर्थ किंमत आणखी खाली येऊ शकते. ती खाली आणायला एकच मोठं गिऱ्हाईक लागतं, आणि ते सरकारच होऊ शकतं. विमा इथे कामाचा नाही. घरी पोटावर टोचायचं इंजेक्शन, भरती व्हायची गरज नाही, आणि बहुतेक पॉलिसी विचारतात, भरती कुठे झालात? मग काही ठिकाणी पेशंटला उगाच एक दिवस खाटेवर झोपवून ठेवतात. असल्या नाटकावर पैसा जातो.

मधल्या काळात टोफासिटिनिबची गोळी आली. भारतात ती बऱ्याच कंपन्या बनवतात, स्वस्त आहे, फ्रीज लागत नाही. मीही ती पुष्कळ विकते. पण पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयाची जोखीम असलेल्या रुग्णांत टीएनएफच्या इंजेक्शनांपेक्षा तिच्यामुळे हृदयविकार आणि कॅन्सर अधिक दिसले, असा निकाल २०२२ मध्ये आला. स्वस्त म्हणून साखर, रक्तदाब आणि बिडी असलेल्या साठीच्या माणसाला तीच देत राहणं ही गरिबाची वेगळी वैद्यकी झाली.

याच जातीची आणखी प्रथिनं रांगेत आहेत. ॲबाटासेप्ट हा टी पेशींना लगाम घालणारा जोडरिसेप्टर, अमेरिकेत २००५ पासून आहे. २०२४ मध्ये त्याच्या दोन चाचण्यांत तो आमवात पूर्ण उमटायच्या आधीच, नुसते सांधे दुखतात आणि रक्तात खुणा आहेत अशांना देऊन पाहिला. औषध चालू असेपर्यंत आजार लांबला, थांबवल्यावर फायदा ओसरत गेला. ल्युपससाठी बी पेशींना खाऊ मिळू न देणारं टेलिटासिसेप्ट चीनने २०२१ मध्ये मंजूर केलं. ही नावं वर्तमानपत्रांत "चमत्कार" म्हणून छापून येतील तेव्हा वाचकांनी सेप्सिसची ती ५३ टक्क्यांची चाचणी आठवावी. आणि मंत्रालयाने हे आठवावं की पंचवीस वर्षांहून जुना, देशात बनणारा तोतयाच अजून आमच्या जिल्ह्यातल्या जतच्या एखाद्या बाईपर्यंत पोचलेला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच टीएनएफ रोखणाऱ्या औषधांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. राज्याने २०२३ मध्ये औषध खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण स्थापन केलं. क्षयाच्या तपासण्या जिल्हा रुग्णालयात होतात आणि अशी इंजेक्शनं सुरू होणाऱ्यांना क्षयप्रतिबंधक औषध द्यायची तरतूद केंद्राच्या २०२१च्या मार्गदर्शिकेतच आहे. मग अट एवढीच ठेवा: तिन्ही गोळ्या पूर्ण डोसमध्ये सहा महिने घेतल्याची नोंद, सुजलेल्या सांध्यांची मोजणी, क्षयाची तपासणी. या तिन्हींवर सही असेल तरच डबा. आजार काबूत आला की निम्म्या डोसवर.

आणि फ्रीज. याला लागतात २ ते ८ अंश, म्हणजे लशींना लागतात तेवढेच, आणि तेवढी थंडी राखणारी पेटी बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहे. त्या पेटीत लशीखेरीज काही ठेवायचं नाही असा नियम आहे आणि तो योग्य आहे. तेव्हा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दुसरा छोटा फ्रीज घ्यावा, म्हणजे दर आठवड्याला सांगलीला यायला नको. टेंडरमध्ये प्रत्येक पेशंटमागे एक गारव्याची पिशवी कंपनीनेच द्यायची, हेही लिहून घ्यावं. मे महिन्यात जतच्या एसटीत थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाचा बर्फ किती वेळ टिकतो ते मला माहीत आहे. आणि बर्फ थेट इंजेक्शनला टेकला नि ते गोठलं, तर ते फेकूनच द्यावं लागतं, हे पिशवीवर मराठीत नि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत छापलेलं असावं.